नकाशात कडीचा रकाना

पडद्यावर लोणी काळभोर कुठेच नाही. सगळीकडे निळं पाणी पसरलंय आणि त्या पाण्याच्या मधोमध तांबड्या ठिपक्यांचा एक पुंजका दिसतोय.

"ताई, आपले नळ बुडाले!" पहिल्या बाकावरची मुलगी ओरडते. खोलीत हशा पिकतो. ज्या मुलाने ठिपके टाकलेत तो माउस सोडून मान खाली घालतो.

शिकवणाऱ्या ताई घाई करत नाहीत. माउसचं चाक फिरवत त्या नकाशा लहान लहान करत नेतात. ठिपक्यांच्या थोडं वर एक बेट दिसू लागतं. खाली, बरंच खाली, नॉर्वेचा किनारा येतो. "हे बेअर आयलंड," त्या म्हणतात. "नॉर्वेच्याही उत्तरेला. आपल्या शाळेमागचा हातपंप इथे कसा पोचला, कोण सांगेल?"

कुजबुज सुरू होते. वह्या उघडतात. सगळ्यांनी फोनवर दिसलेले आकडे सकाळी वहीत उतरवून घेतले होते: १८.४९, ७४.०२ आणि त्यापुढचे दशांश. मागून एक आवाज येतो, "उलटं झालंय." मान खाली घातलेला मुलगा आता ताठ बसतो. फोन अक्षांश आधी दाखवतो. सॉफ्टवेअर मात्र आधी 'एक्स' मागतं, म्हणजे आडवं अंतर, म्हणजे रेखांश. त्याने १८ ला एक्स केलं, ७४ ला वाय केलं आणि लोणी थेट ७४ उत्तर अक्षांशावर जाऊन बसलं. तो दोन खिडक्यांमधली नावं बदलतो, बटण दाबतो आणि ठिपके सोलापूर रस्त्याच्या कडेने येऊन उभे राहतात. स्टेशन, गावठाण, कालवा, सगळं ओळखीचं.

"आता आयुष्यात कधी विसरणार नाहीस," ताई म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात अक्षांश-रेखांश यांतल्या प्रत्येकाने वाचलेत, परीक्षेत लिहिलेत. पण आपल्या रोजच्या हातपंपाला एक आकडा आहे आणि तो उलटा लिहिला की पंप हिमसागराच्या वाटेला लागतो, हे त्यांना आज पहिल्यांदा दिसतंय.

ज्येष्ठातला रविवार आहे. शाळेच्या या खोलीत पंखा गरम हवाच फिरवतोय. खिडकीबाहेर, थोड्या अंतरावर, डेपोतून निघालेले तेलाचे टँकर सोलापूर रस्त्यावर गुरगुरतात. बाकांवर नववी ते बारावीची मुलं-मुली आहेत, दोन आशाताई आहेत आणि एक बिनकामाचे म्हणून आलेले पण सगळ्यांत आधी येऊन बसलेले आबा आहेत. आबा भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. लॅपटॉप चारच, त्यातले दोन इतके जुने की सुरू व्हायला चहा होऊन जातो. तरी कुणी जागचं हलत नाही, कारण काम नेमकं आहे आणि तारीख ठरलेली आहे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुण्याहून निघाली की पुढचा मुक्काम लोणी काळभोरला असतो. एका रात्रीत गावाच्या कितीतरी पट माणसं इथे उतरतात. त्यांना पाणी कुठे, शौचालय कुठे, दवाखाना कुठे, हे दाखवणारा नकाशा ही मुलं करणार आहेत.

सॉफ्टवेअरचं नाव क्यूजीआयएस. अलास्कातल्या गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये ते लिहायला घेतलं आणि नंतर जगभरच्या लोकांनी वाढवलं. ते फुकट आहे, कुणीही उतरवून घ्यावं. या धंद्यातली विकतची सॉफ्टवेअर शाळेला परवडण्यासारखी नाहीत, त्यामुळे 'फुकट' या गोष्टीला इथे फार मोल आहे. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात त्याचे छोटे छोटे पाठ आहेत. राहिलेलं घरी जाऊन पाहता येतं. पण ताईंचा अनुभव असा की पहिल्याच दिवशी मेनू दाखवायला लागलं की निम्मा वर्ग गळतो. म्हणून त्यांनी सकाळी लॅपटॉप उघडूच दिला नाही. तीन पारदर्शक प्लॅस्टिकचे कागद आणि मार्कर दिले. एकावर फक्त रस्ते. दुसऱ्यावर फक्त पाणी: वर मुळा-मुठा नदी, खाली नवा मुठा उजवा कालवा, मधून जाणारा जुना 'बेबी कॅनॉल'. तिसऱ्यावर आपल्याला माहीत असलेले नळ आणि शौचालयं. मग तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. कालव्यापलीकडच्या वस्तीत एकही खूण नव्हती.

"तिकडे नळच नाहीत?" ताईंनी विचारलं.

"आहेत की. आमच्यातलं तिकडं कुणी राहत नाही," एका मुलीने उत्तर दिलं.

त्या एका उत्तरात मुलांना थर म्हणजे काय ते कळलं आणि विदा अपुरी कशी राहते तेही कळलं. जिथला माणूस वर्गात नाही तिथली जागा कोरी राहिली.

आता उन्हं कलल्यावर तीन-तीनचे गट बाहेर पडतात. मी आशाताईंच्या गटाबरोबर निघतो. हातातल्या फोनवर क्यूफील्ड नावाचं ॲप आहे. ताईंनी क्यूजीआयएसमध्ये तयार केलेला नकाशा त्यात आधीच भरून ठेवलाय, त्यामुळे रेंज गेली तरी काम अडत नाही. जागेवर उभं राहायचं, अधिकचं चिन्ह दाबायचं, समोर मराठीत फॉर्म उघडतो: प्रकार काय, नळ, हातपंप, टँकर थांबा, शौचालय की दवाखाना, चालू की बंद, शेरा.

पहिला नळ एका पत्र्याच्या शेडला लागून, वडाच्या सावलीत. पडद्यावर आपल्या ठिकाणाभोवती एक फिकट वर्तुळ फुगलेलं दिसतं आणि खाली आकडा येतो, १४ मीटर. म्हणजे फोन सांगतोय की मी या चौदा मीटरांत कुठेतरी आहे, याहून जास्त मला विचारू नका. गटातला मुलगा फोन वर धरतो, हलवतो, काही फरक नाही. मग तो चार पावलं मोकळ्यावर येतो. वरून पानं आणि पत्रा हटतो, उपग्रहांचा संदेश थेट पोचतो, वर्तुळ आक्रसतं. नऊ. सहा. चार. "पाचच्या आत आलं," तो म्हणतो आणि नोंद दाबतो. मग नळ किती पावलं मागे आहे ते पाहून ठिपका बोटाने तेवढा मागे सरकवतो. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

"चालू की बंद?" तो विचारतो.

थोरल्या आशाताई फोनकडे बघत राहतात. "सकाळी सहा ते सात चालू. मग बंद. वारकरी येणार संध्याकाळी. तर मी काय लिहू?"

मुलगा गप्प. फॉर्ममध्ये दोनच पर्याय आहेत आणि दोन्ही खोटे ठरतील. सकाळी कुणी आलं असतं तर त्याने 'चालू' दाबून पुढची वाट धरली असती. नकाशावर हिरवा ठिपका उमटला असता आणि दिवसभर चालून आलेली माणसं त्या ठिपक्याच्या भरवशावर कोरड्या नळापाशी येऊन उभी राहिली असती. आशाताई लस, औषधं आणि वजनकाटा घेऊन वर्षानुवर्षं ही गल्ली पायाखाली घालताहेत. पाण्याची वेळ त्यांना तोंडपाठ आहे. त्या शेऱ्यात लिहायला लावतात: सहा ते सात.

पुढच्या वळणावर दुसरा गट भेटतो. तीन मुली एका जुन्या शौचालयापाशी घुटमळताहेत. त्यांच्या फॉर्ममध्ये सीट किती आणि पाणी आहे का, एवढंच आहे. दोन्ही भरून झालंय. तरी एक मुलगी दार ओढून बघते, पुन्हा ढकलते.

"याला कडीच नाही," ती म्हणते.

"शेऱ्यात लिही," दुसरी सुचवते.

"शेऱ्यात लिहिलं तर मोजता येईल का? किती ठिकाणी कडी नाही, असं?"

तिसरी वर बघते. दिव्याची जागा आहे, दिवा नाही. ती काही न बोलता त्याचा फोटो काढते.

गट परत शाळेत येतात तेव्हा वाद आधीच सुरू झालेला असतो. ताई ऐकून घेतात. मग सांगतात की शेऱ्यात एकाने 'कडी नाही' लिहिलं, दुसऱ्याने 'दार लागत नाही', तिसऱ्याने 'दार खराब', तर संगणकाला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. मोजायचं असेल तर रकाना वेगळा हवा आणि उत्तर ठरलेलं हवं. "ये इकडे," त्या कडीवाल्या मुलीला बोलावतात आणि स्वतः उठून तिला खुर्ची देतात.

मुलगी थराच्या गुणधर्मांची खिडकी उघडते. नवा रकाना, प्रकार हो किंवा नाही. नाव काय द्यायचं? 'कडी'. आणखी एक: 'दिवा'. आशाताई बाकावरूनच म्हणतात, "पाण्याची वेळ." तोही पडतो. मुलगी रंग ठरवते: कडी आणि दिवा दोन्ही असतील तर हिरवा, एक नसेल तर नारिंगी, दोन्ही नसतील तर तांबडा. आधीच्या फॉर्मप्रमाणे शौचालयांचे सगळे ठिपके हिरवे होते. आता माहिती भरत जाते तसे त्यांतले काही रंग बदलतात. जागा त्याच, इमारती त्याच. प्रश्न विचारणारं माणूस बदललं म्हणून नकाशा बदलला.

मला या दुपारचं सार इथे सापडतं. नकाशाचं कौशल्य अधिक लोकांना शिकवायचं ते अधिक ठिपके मिळावेत म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. ठिपके मिळतातच. पण त्याहून मोठा लाभ असा की काय मोजायचं हे ठरवणारी माणसं वाढतात. रात्री अंधारात दार धरून बाहेर उभं राहणारी मैत्रीण जिला लागते, तिलाच कडीचा रकाना सुचतो.

पुण्यातली शेल्टर असोसिएट्स ही संस्था हे फार आधीपासून करत आली आहे. प्रतिमा जोशी आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून वस्त्यांमध्ये काम करताहेत. घरोघरची पाहणी आणि नकाशा एकत्र जोडून कुठल्या घरात शौचालय नाही आणि ड्रेनेजची वाहिनी जवळून कुठून जाते, हे त्यांनी पुण्यात आणि सांगलीत दाखवलं. कागदोपत्री नुसती 'झोपडपट्टी' असलेली जागा घराघराने दिसायला लागली की कामाला दिशा मिळते. केनियात नैरोबीच्या किबेरा वस्तीत २००९ मध्ये असंच झालं. लाखो लोक राहत असूनही सार्वजनिक नकाशांवर ती जवळजवळ कोरी होती. तिथल्याच तरुणांनी जीपीएस हातात घेऊन नळ, दवाखाने, शौचालयं ओपनस्ट्रीटमॅपवर आणली. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा कुणीही भरू शकतो आणि कुणीही वापरू शकतो.

आपल्याकडे दार आता पूर्वीपेक्षा उघडं आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे परवानग्यांचे नियम सैल केले. पुढच्या वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय धोरण आलं. २०२१ पासूनच राज्यभर शेतकरी ई-पीक पाहणीत आपल्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढताहेत आणि त्या फोटोला जागेचे आकडे जोडले जाताहेत. म्हणजे भूस्थानिक माहिती गोळा करायला महाराष्ट्रातला शेतकरी केव्हाच लागला आहे. ती उघडून बघणं, तपासणं, तिच्यावर आपला प्रश्न टाकणं मात्र अजून फार थोड्यांना येतं.

आबा एवढा वेळ शांत आहेत. आता ते पिशवीतून टेप काढतात. "मला एक बघायचंय," म्हणतात. दोन मुलं टेप धरून शाळेच्या फाटकापासून हातपंपापर्यंत जातात. टेप सांगते ३१ मीटर. पडद्यावर दोन ठिपक्यांमधलं अंतर येतं २७.

"चार मीटर खाल्ले," आबा म्हणतात. त्यांच्या आवाजात राग नाही, सवय आहे. मग ते मुलांना त्यांची साखळी समजावतात: ३३ फूट लांब, सोळा आणे म्हणजे एक साखळी, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. याच सोलापूर रस्त्याने पुढे गेलं की इंदापूर लागतं. गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी १८३६ मध्ये तिथे लागू झाली आणि मग मुंबई इलाख्यात तोच कित्ता गिरवला गेला. गट नंबर, बांध, गाव नकाशा, सातबारा, हे सगळं त्या परंपरेतलं. अलीकडे, डोंगरापलीकडे मल्हारगडाच्या पायथ्याच्या सोनोरीत, गावठाणाची ड्रोनने मोजणी करण्याचा प्रयोग झाला. २०२० मध्ये स्वामित्व योजना आली आणि ड्रोन देशभर गावागावांवर फिरले.

"मग आबा, तुमची साखळी बरोबर की आमचा फोन?"

"कामावर आहे. नळ दाखवायला फोन चांगला. चार मीटरवर उभा राहिलास तरी नळ दिसतोच. पण बांधाचं भांडण घेऊन हा फोन नाचवायचा नाही. चार मीटरांत भाऊ भावाच्या जिवावर उठतो. तिथं रोव्हर लागतो, सेंटिमीटरचा हिशेब लागतो आणि मोजणीची रीतसर नोटीस लागते."

ताई हे वाक्य फळ्यावर लिहून घेतात: कामाप्रमाणे अचूकता. मग त्याला जोड देतात. दशांशानंतर दोन आकडे लिहिले तर साधारण एक किलोमीटरची ढिलाई, चार लिहिले तर अकरा मीटरची, पाच लिहिले तर एका मीटरची. पण फोनलाच चार मीटरांच्या आतलं माहीत नाही तर दहा आकडे लिहून काही साधत नाही. अंतर मोजताना अंश सोडून मीटरमधल्या प्रक्षेपणात यायचं. पुणे जिल्ह्यासाठी क्षेत्र ४३ उत्तर. मुलं लिहून घेतात. पाठ्यपुस्तकातला प्रक्षेपणाचा धडा इतका कामाला कधी आला नसेल.

धाकट्या आशाताई बराच वेळ काहीतरी विचारायच्या तयारीत आहेत. अखेर विचारतात, "आमच्याकडे गरोदर बायांची यादी असते. दिवस भरत आलेल्या कुणाकुणाची घरं यात टाकली तर? गर्दीत रस्ते बंद असतात, रुग्णवाहिकेला वाट सापडत नाही."

खोलीत पहिल्यांदा ताई लगेच उत्तर देत नाहीत. मग खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसतात. "तुमचं बरोबर आहे, ताई. पण नळाचा नकाशा सगळ्यांना दिसणार. बाईचं घर सगळ्यांना दिसता कामा नये. त्याचा थर वेगळा ठेवायचा, तुमच्या आरोग्य केंद्रातच राहायचा. आज करतोय त्या नकाशात रुग्णवाहिकेची वाट टाकू, घरं नको." मुलांकडे वळून त्या सांगतात: कुणाचं नाव नाही, फोन नंबर नाही, फोटोत चेहरा नाही. घेता येतं म्हणून सगळं घ्यायचं नसतं.

आशाताई मान डोलावतात. मुलं नव्या थराला नाव देतात, 'मोकळी वाट', आणि मुक्कामाच्या रात्री कुठला रस्ता गाड्यांसाठी उघडा राहतो यावर भांडायला लागतात. एकाच्या मते स्टेशनचा. दुसरा म्हणतो तिथे तर दुकानं लागतात. शेवटी कागदावर छापलेला कच्चा नकाशा घेऊन दोघं फाटकापाशी बसलेल्या म्हाताऱ्यांकडे जातात. कितीतरी वाऱ्या पाहिलेली माणसं आहेत ती. नकाशा कुठून धरायचा हे कळायला त्यांना क्षणभर लागतं; मग एकाचं बोट कालव्यावर पडतं आणि तिथून सरसर चालायला लागतं. "हिथं मांडव असतो. हा रस्ता नाही चालणार. हा बोळ घे." दुसरे आजोबा म्हणतात, "आणि हा ओढा तुम्ही सरळ काढलाय. त्याला वळण आहे." मुलगा पेन्सिलीने वळण काढतो, परत येऊन पडद्यावरच्या उपग्रह-चित्राशी ताडून बघतो. वळण आहे. तो रेघ दुरुस्त करतो.

पाच वाजून गेलेत. लॅपटॉप तापलेत. पुढच्या रविवारी बचत गटाच्या बायका येणार आहेत आणि त्यांना फोनवर नोंद घ्यायला शिकवण्याचं काम ताईंनी कडीवाल्या मुलीकडे दिलंय. शिकणारं माणूस शिकवायला लागलं की हे कौशल्य गावात टिकतं. बाहेरून येणारी ताई काही दर रविवारी येऊ शकणार नाही. प्रत्येक शाळेच्या संगणकात हे सॉफ्टवेअर विनाखर्च टाकता येतं. प्रत्येक गावात एखादे आबा असतात, एखाद्या आशाताई असतात आणि दार ओढून बघणारी मुलगी तर असतेच. त्यांना एका खोलीत आणायचं, त्यांच्या भाषेत फॉर्म द्यायचा आणि तो फॉर्म बदलायचा हक्कही द्यायचा. माझी खात्री आहे की तालुक्यातालुक्यात हे झालं तर आपल्या योजनांचे नकाशे आजच्यापेक्षा खरे होतील.

मुलगी अजून लॅपटॉप सोडायला तयार नाही. थोरल्या आशाताई दारातून मागे वळून म्हणतात, "अगं, पायऱ्या किती तेपण टाक. पालखीत गुडघे धरून चालणाऱ्या म्हाताऱ्या असतात. चार पायऱ्यांचं शौचालय असून नसल्यासारखं त्यांना."

ती ताईंकडे बघते. ताई म्हणतात, "मला काय विचारतेस? थर तुझा आहे."

ती खिडकी उघडते, नवा रकाना घेते, या वेळी प्रकार निवडते 'संख्या', आणि नाव टंकते: पायऱ्या.